प्रस्तावना : नात्यांचे मोजमाप

परिसंस्थाशास्त्र, म्हणजेच इकॉलॉजी, हा विषय मराठी वाचकाला शाळेपासून ओळखीचा वाटतो. गवत, टोळ, बेडूक, साप, घार अशी बाणांनी जोडलेली अन्नसाखळी, पर्यावरणदिनाचे वृक्षारोपण आणि त्या दिवशीच्या घोषणा एवढ्यावर ती ओळख बहुधा थांबते. मग हे शास्त्र म्हणजे झाडा-प्राण्यांची यादी आणि ती यादी घटू नये अशी सदिच्छा, असा समज मनात घर करतो. १८६६ मध्ये अर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने या शास्त्राला नाव दिले, तेव्हाच त्याचा विषयही सांगून टाकला होता: सजीवाचे भोवतालाशी आणि इतर सजीवांशी चालणारे सगळे व्यवहार. या पुस्तकातील प्रकरणे वेगवेगळ्या संकल्पना समजावतात. पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच विधान आहे आणि ही प्रस्तावना त्याच्यासाठी लिहिली आहे. परिसंस्थेची प्रकृती तिच्या घटकांमधल्या व्यवहारांत असते. त्यामुळे जिथे फक्त घटक मोजले जातात, तिथे प्रत्येक आकडा बरोबर असूनही निष्कर्ष चुकू शकतो.

हे विधान तपासून पाहायला पालघर तालुक्यातला घिवलीचा किनारा चांगला आहे. मासेमारीवर जगणाऱ्या या गावाच्या शेजारी तारापूरचे अणुऊर्जा केंद्र आहे. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची व्यापारी वीज ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाली आणि ५४० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये आल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. आत बोईसरकडे तारापूर औद्योगिक वसाहत आहे. रंग, औषधे, कापडप्रक्रिया आणि पोलाद यांच्या या वसाहतीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी थोडे दक्षिणेला नवापूरच्या समुद्रात जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या देशव्यापी मूल्यमापनात तारापूरचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९ निघाला, देशातल्या औद्योगिक समूहांत सर्वांत वाईट. उत्तरेला खाडी ओलांडली की चिंचणी, आणि चिंचणीपासून डहाणू तालुका, जो १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. म्हणजे संरक्षणाचा कडक नियम आणि प्रदूषणाचा सर्वांत मोठा आकडा, दोन्ही एकाच किनाऱ्यावर शेजारी नांदत आहेत आणि त्यांच्यासमोरून वाहणारे पाणी एकच आहे.

सुरुवात ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकापासून करता येते. पश्चिम किनाऱ्याच्या काळ्या खडकावर वरून खाली नजर फिरवली, तर जीव पट्ट्यापट्ट्यांनी राहताना दिसतात. सगळ्यांत वर, जिथे उधाणाचेच पाणी पोहोचते, तिथे भेगांत दडलेल्या बारीक गोगलगायी. त्याखाली खडकाला चुन्याच्या पुटकुळ्यांसारखी चिकटलेली बार्नेकल. मग कालवांचा धारदार थर. आणि अगदी खाली, जेमतेम तासभर उघड्या राहणाऱ्या डबक्यांत शेवाळ, समुद्रफुले आणि शंखात राहणारे खेकडे. प्रत्येक जीव आपल्याला सोसेल अशा जागी जातो एवढेच यामागे असेल, असे पाहणाऱ्याला वाटते. जोसेफ कॉनेलने १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्कॉटलंडमधल्या प्रयोगांनी हा समज अर्धाच खरा ठरवला. त्याने बार्नेकलच्या दोन जाती निवडल्या. वरच्या पट्ट्यातली जात खालीही बसू शकत होती, तिची पिल्ले तिथे रुजतही होती. पण खालच्या पट्ट्यातली दांडगी जात वेगाने वाढून तिला उखडत, चिरडत होती. दांडगी जात काढून टाकली की पहिली तिथे सुखाने जगे. वरची सीमा ऊन आणि कोरडेपणा आखतात, खालची सीमा मात्र शेजारी आखतो. एखादा जीव एखाद्या जागी का नाही याचे उत्तर त्या जागेचे तापमान आणि क्षारता मोजून मिळतेच असे नाही. तिथे आणखी कोण आहे हेही विचारावे लागते.

रॉबर्ट पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने हाच विचार एक पायरी पुढे नेला. वॉशिंग्टन राज्याच्या एका खडकाळ किनाऱ्यावर १९६३ पासून तो खडकाच्या ठराविक तुकड्यावरचे तारामासे उचलून दूर फेकत राहिला. तारामासा हा तिथला शिकारी. तो गेला की बाकीच्यांना चांगले दिवस येतील अशी सामान्य अपेक्षा. घडले उलटे. तारामासा ज्या शिंपल्यांवर ताव मारायचा ते बेसुमार वाढले, त्यांनी जागा व्यापली आणि सुरुवातीच्या पंधरा जातींपैकी आठच उरल्या. संख्येने थोडा असलेला एक जीव बाकीच्यांसाठी जागा मोकळी ठेवत होता. जातींची यादी करणाऱ्याच्या वहीत तारामासा म्हणजे नुसती एक ओळ. व्यवहार पाहणाऱ्याला तीच ओळ बाकीच्या कित्येक ओळींचा आधार दिसते.

खडकावरून पाण्यात उतरले की गोष्ट जागेकडून अन्नाकडे वळते. मुंबईच्या उत्तरेला भरती-ओहोटीतले अंतर वाढत जाते आणि त्याबरोबर प्रवाहाचा जोरही वाढतो. या जोरावरच इथली डोल चालते. डोल म्हणजे निमुळत्या पिशवीसारखे लांब जाळे. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना, म्हणजे कवीला, ते बांधायचे, प्रवाहाच्या तोंडावर उघडे ठेवायचे आणि पाणी थबकले की ओढायचे. उधाणाला जाळे भरते, भांगाला हात रिकामे राहतात. ओढलेल्या डोलीत बोंबील, मांदेली, करंदी आणि जवळा एकत्र येतात आणि त्या एका ढिगात खाणारा आणि खाल्ला जाणारा शेजारी पडलेले असतात. जवळा पाण्यातले सूक्ष्म प्लवक आणि कुजलेल्या सेंद्रिय कणांवर जगतो. त्या कणांचा एक भाग खाड्यांच्या काठच्या तिवरांच्या गळलेल्या पानांतून येतो. बोंबील जवळा खातो, लहान मासे खातो, प्रसंगी स्वतःचीच पिल्लेही खातो. बोंबलावर मोठे मासे, आणि या सगळ्यांवर माणूस. तोही केवळ शेवटच्या पायरीवर नाही, कारण तो सुकट जवळाही खातो आणि सुके बोंबीलही. म्हणजे माणूस बोंबलाचा भक्षक आहे आणि बोंबलाचा अन्नातला स्पर्धकही. सरळ साखळीची आकृती इथे अपुरी पडते. खरे चित्र जाळ्याचे आहे.

या जाळ्यातून वाहणारी ऊर्जा प्रत्येक पायरीवर आटत जाते. रेमंड लिंडेमनने १९४२ मध्ये मिनेसोटातल्या एका छोट्या तळ्याचा असा हिशेब मांडला आणि ऊर्जा हे परिसंस्थेचे चलन मानण्याची रीत रूढ केली. ढोबळ मानाने एका पायरीवरच्या अन्नाचा दहावा हिस्सा वरच्या पायरीच्या शरीरात उतरतो. बाकीचा श्वसनात, हालचालीत, विष्ठेत जातो. हा आकडा सरासरीचा आहे आणि जागोजागी तो बराच बदलतो, पण त्याचा अर्थ बदलत नाही. हजार किलो प्लवकामागे शंभर किलो जवळा, दहा किलो बोंबील आणि एखादा किलो घोळ, असा तो उतार आहे. घोळ दुर्मीळ आणि महाग का, याचे एक उत्तर बाजारात आहे आणि दुसरे या उतारात. ज्याला वरच्या पायरीवरचा मासा हवा, त्याला खालच्या तिन्ही पायऱ्या शाबूत ठेवाव्या लागतात. यातल्या सर्वांत खालच्या पायरीला मासळीबाजारात भाव नसतो, त्यामुळे तिची मोजदादही सहसा कोणी ठेवत नाही.

इथे मूळ विधानाकडे वळता येते. आपले प्रदूषण नियंत्रण मुख्यतः घटकवार चालते. या नळातून येणाऱ्या पाण्याचे तापमान किती, त्या नळातल्या सेंद्रिय भाराचे प्रमाण किती, धातू किती, आम्लता किती. प्रत्येकाला मर्यादा आणि प्रत्येकाची वेगळी नोंद. ही व्यवस्था आवश्यक आहे, तिच्याशिवाय कोणाला जबाबदार धरताच येणार नाही. पण माशाच्या कल्ल्यांपाशी हे सगळे आकडे एकत्र येतात. पूर्ण विरघळलेला प्राणवायू धरला, तर समुद्राच्या पाण्यात २० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ७.४ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना सुमारे ६.२. म्हणजे पाणी तापले की पुरवठा घटतो. त्याच वेळी थंड रक्ताच्या प्राण्याची गरज वाढते. दहा अंशांनी तापमान चढले की त्याच्या शरीरातील रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने चालतात. आता या पाण्यात सेंद्रिय सांडपाणी मिसळले, तर ते कुजवणारे जिवाणू उरलेल्या प्राणवायूतला आपला वाटा आधी उचलतात. कोमट पाणी आपल्या मर्यादेत आहे, सांडपाणी आपल्या मर्यादेत आहे, आणि मासा मात्र दोन्हीकडून कोंडीत आहे. तारापूरच्या कोणा एका आस्थापनेवर दोष ठेवण्यासाठी हे उदाहरण घेतलेले नाही. दोन निर्दोष अहवालांची बेरीज निर्दोष असतेच असे नाही, हे त्यातून दिसते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की समुद्र अफाट आहे. इतक्या जोराच्या भरती-ओहोटीत काहीही टाकले तरी ते विरून जाणार. विरण्याची क्रिया खरी आहे आणि सांडपाण्याची नळवाहिनी समुद्रात आतवर नेण्यामागे तोच हिशेब असतो. पण भरती-ओहोटीचे पाणी जितके पुढे जाते तितके बरेचसे मागेही येते. किनाऱ्याजवळचे पाणी पूर्ण बदलायला एका भरतीपेक्षा बराच अधिक काळ लागतो. शिवाय पाण्यात जे विरते ते सजीवात साठू शकते. शरीराबाहेर न टाकता येणारे पदार्थ प्लवकात थोडे, जवळ्यात त्याहून जास्त, मोठ्या माशात आणखी जास्त, असे चढत जातात. लिंडेमनच्या उतारावर ऊर्जा खाली राहते आणि विष वर चढते. जपानमधील मिनामाता उपसागरात एका रासायनिक कारखान्याने सोडलेला पारा पाण्यात विरळच होता. शिंपल्यांतून आणि माशांतून तो कोळी कुटुंबांच्या ताटात पोहोचला. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली आणि सरकारने कारण मान्य करायला १९६८ उजाडले. त्या बारा वर्षांत पाण्याच्या विशालतेचा आधार घेणाऱ्यांची कमतरता नव्हती. मध्ये खाणारे कोणीच नसते, तर विरण्याचा युक्तिवाद पुरा पडला असता. किनाऱ्यावर खाणारे भरपूर असतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मासे कमी झाले ते कारखान्यांमुळे कशावरून? मच्छीमारांनीच ते उपसून काढले. यातला सत्यांश नाकारून चालणार नाही. डोलीच्या शेवटच्या टोकाची आस, म्हणजे जाळ्याचे भोक, इतकी बारीक असते की जवळ्याबरोबर इतर माशांची पिल्लेही अडकतात. पापलेट हा २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, पण अंडी घालण्याच्या वयाला पोहोचण्याआधीच तो बाजारात येतो ही तक्रार सातपाटीचे मच्छीमार स्वतःच करत आले आहेत. पापलेटसाठी दालदा जाळी टाकणारे सातपाटी-डहाणूकडचे आणि वसई-उत्तनकडचे डोलवाले यांच्यातला कवींचा जुना वाद, म्हणजे समुद्रात खुंट कोणी कुठवर रोवायचे हे भांडण, कॉनेलच्या बार्नेकलच्या शेजारी ठेवण्याजोगा आहे: जागा मर्यादित, दावेदार दोन. त्यावर माशांचे थवे वेढून उचलणारी पर्ससीन जाळी आली. २०१६ मध्ये राज्याला त्यांच्यावर निर्बंध घालावे लागले. तरीही ‘हे किंवा ते’ असा हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींनुसार २०१९ मध्ये महाराष्ट्राचे सागरी मत्स्योत्पादन सुमारे दोन लाख टनांवर घसरले, पंचेचाळीस वर्षांतले नीचांकी. त्याच वर्षी अरबी समुद्रात वायू, क्यार आणि महा यांसारखी चक्रीवादळे एकामागून एक आली आणि होड्या किनाऱ्याला बांधून ठेवाव्या लागल्या. त्या एका आकड्यावर अतिमासेमारी, प्रदूषण, हवामान, कोणीही एकट्याने हक्क सांगू शकत नाही. आणि ही कारणे एकमेकांना सौम्यही करत नाहीत. अतिमासेमारीने वयस्क मासे कमी केले की जातीचे भवितव्य त्या वर्षीच्या पिल्लांवर येऊन ठेपते. पिल्ले वाढतात खाडीत आणि किनाऱ्यालगत. आणि सांडपाणी, भराव आणि तिवरतोड यांचा मार नेमका तिथेच बसतो. जास्त उपसलेल्या समुद्राला स्वच्छ खाडीची गरज कमी नसते, उलट अधिकच असते. म्हणून १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी आणि सांडपाण्याचे नियमन हे एकाच उपायाचे दोन भाग आहेत. एकाकडे बोट दाखवून दुसऱ्यातून सुटका नाही.

तिसरा आक्षेप आशावादी आहे. अणुऊर्जा केंद्राभोवती वस्तीला मनाई असलेल्या पट्ट्यात झाडी टिकते, पक्षी वाढतात. अणुऊर्जा महामंडळ आपल्या केंद्रांभोवतीच्या पक्ष्यांच्या आणि फुलपाखरांच्या नोंदी प्रसिद्धही करते. मग बिघडले कुठे? या नोंदी खऱ्या आहेत आणि मोलाच्याही आहेत. माणसाची वर्दळ थांबली की जीवसृष्टी किती लवकर परतते, हे त्या दाखवतात. पण त्या जातींच्या याद्या आहेत. हिवाळ्यात चिखलावर उतरणारी तुतवार आणि चिखल्यांची संख्या स्थिर आहे की नाही, हा यादीचा प्रश्न. त्या पक्ष्यांना परतीच्या हजारो किलोमीटरांसाठी चरबी साठवता येईल इतके किडे आणि शिंपले त्या चिखलात आहेत का, हा परिसंस्थेचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर काही वर्षे समाधानकारक येत राहू शकते, दुसरे बिघडून गेलेले असतानाही. दीर्घायुषी प्राणी आणि झाडे परिस्थिती बदलल्यानंतरही काही काळ तग धरतात. तेवढ्या काळात यादी जुनीच राहते.

याच्या नेमका उलटा आक्षेप काही अभ्यासकांकडून येतो: निसर्गाचा समतोल ही कविकल्पना आहे, निसर्ग सतत बदलतो, मग एका विशिष्ट स्थितीला चिकटून राहण्याचा अट्टहास कशाला? हा आक्षेप शास्त्राच्या आतूनच आलेला आहे आणि बराचसा मान्य करायला हवा. आर्थर टॅन्सलीने १९३५ मध्ये परिसंस्थेची कल्पना मांडली तेव्हापासून पुढची काही दशके स्थिर समतोलाचे चित्र प्रबळ होते. आज ते तसे राहिलेले नाही. किनारा सरकतो, खाडीचे तोंड बदलते, एखाद्या वर्षी मांदेली लोटते आणि दुसऱ्या वर्षी दिसत नाही. परंतु बदल स्वाभाविक आहे यावरून प्रत्येक बदल सारखाच, असे ठरत नाही. प्रश्न वेगाचा आणि परतीच्या वाटेचा असतो. उधाणाने झोडपलेला खडक पुन्हा भरतो, कारण आसपासच्या खडकांवरून पिल्ले येतात. आसपासचे सगळेच खडक एकाच वेळी भरावाखाली गेले तर पिल्ले येणार कुठून? समतोलाची कल्पना सोडून देता येईल. सावरण्याची क्षमता मात्र मोजावीच लागेल, आणि ती कोणत्याही एका घटकात सापडत नाही.

शेवटचा आक्षेप शास्त्राला नाही, त्याच्या वापराला आहे. वीज हवी, रोजगार हवा, बंदर हवे. परिसंस्थाशास्त्र म्हणजे प्रत्येक कामात खोडा. डहाणू तालुक्यातल्या नियोजित वाढवण बंदराचा इतिहास इथे बोलका आहे. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदर नाकारले, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला अटींसह संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पायाभरणी झाली. दोन्ही निर्णयांच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे आहेत. बंदर व्हावे की नाही हे ठरवण्याचा अधिकार परिसंस्थाशास्त्राला नाही. तो लोकांचा आणि त्यांच्या संस्थांचा आहे. हे शास्त्र किंमत पूर्ण मांडून देते, एवढेच त्याचे काम. अर्धवट किमतीवर घेतलेला निर्णय विकासाच्याही हिताचा नसतो, कारण उरलेली किंमत नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर पडते. किनाऱ्यावर ती बहुधा मांगेला, माच्छी, वैती आणि कोळी कुटुंबांच्या खात्यावर पडत आली आहे. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले ते मांगेला समाजाचे लोक, हा योगायोग नाही. पाण्यातल्या बदलाची पहिली नोंद त्यांच्या जाळ्यात होते. आणि नाजूकपणाची कायदेशीर रेषा चिंचणी-तारापूरच्या खाडीवर, तालुक्याच्या हद्दीवर संपत असली, तरी माशांच्या अंड्या-पिल्लांना ती ठाऊक नसते. परिसंस्थेची हद्द व्यवहार कुठवर पोहोचतात यावरून ठरते, आणि नियमांना त्या हद्दीच्या जवळ आणणे हे पुढच्या पिढीच्या कायदेकारांचे काम आहे.

तेव्हा या पुस्तकाच्या वाचकाने अधिवास, स्पर्धा, भक्षण, सहजीवन, ऊर्जाप्रवाह या संकल्पना व्याख्या म्हणून पाठ करण्यापेक्षा प्रश्न म्हणून वापराव्यात. कोणताही पर्यावरण अहवाल, मग तो कारखान्याचा असो, बंदराचा असो वा गावच्या तळ्याचा, हाती आला की विचारावे: हे मोजमाप वर्षाच्या कोणत्या महिन्यात केले, आणि तेव्हा अंडी-पिल्लांचा हंगाम होता का? मोठे मासे मोजले, पण त्यांचे अन्न मोजले का? या घटकाबरोबर त्याच पाण्यात आणखी काय पडते, आणि दोन्हींचा एकत्र परिणाम कोणी पाहिला का? बिघाड झाला तर पुन्हा वस्ती करायला जीव कुठून येतील? रोज त्या पाण्यावर जगणाऱ्यांची निरीक्षणे कुठल्या पानावर आहेत? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, आणि जनसुनावणीत ते विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. त्यांची उत्तरे तपासण्यापुरते शास्त्र पुढच्या पानांत आहे.